भाच्याची दहावी, एलडीचं सर्टिफिकेट आणि लेखनिक

आमच्या ताईचा मुलगा २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चला दहावीला बसला आणि पास झाला. त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, म्हणजे बुद्धी चांगली पण वाचणं-लिहिणं अडतं, शाळेत सगळे नुसतं एलडी म्हणतात. पेपरला लेखनिक, म्हणजे तो सांगेल ते लिहून देणारा, मिळाला, तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळाला, शुद्धलेखनाचे मार्क कापले नाहीत, पण हे सगळं हातात यायला आठवीपासून सुरुवात करावी लागली. पळापळ मीच केली कारण ताई एका दवाखान्यात रिसेप्शनला आहे, तिला सारखी सुट्टी मिळत नाही, दाजी आता नाहीत, आणि मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कामाला, थर्ड शिफ्ट म्हणजे रात्रपाळी मागून घेतली की दिवसा मोकळा. सिडकोत आणि सातपूरला ओळखीतले बरेच जण आता फोन करून विचारतात की तुम्ही कसं केलं, प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी पोरगं कसं आहे ते सांगतो, नाहीतर बाकीचं कळणार नाही. तोंडी विचारा, इतिहासाचा धडा सनावळीसकट सांगेल. गाडीच्या गिअरबॉक्समधे काय काय असतं ते मला समजावतो आणि बरोबर समजावतो, मी स्वतः ऑटो पार्टच्या लाईनला आहे. पण फळ्यावरचं उतरवायला बसला की बघवत नाही. मान वर, एक अक्षर बघायचं, मान खाली, ते लिहायचं, परत मान वर, आता कुठे होतो ते शोधायचं, एवढ्यात बाई फळा पुसतात. वही बघितली तर पहिल्या दोन ओळी आणि मग कोरं पान, सगळ्या विषयांच्या वह्या अशाच. काना आहे तर मात्रा नाही, "शिक्षक" चं "शिशक", "प्रकाश" चं "पकाश".

आपल्या लिपीत अशा मुलांची अजून एक अडचण असते, ती मला त्या टेस्ट करणाऱ्या मॅडमनी दाखवली. "कि" म्हणताना आधी क ऐकू येतो पण लिहायची आधी वेलांटी. "सूर्य" मधे र आधी येतो आणि रफार बसतो पुढच्या य च्या डोक्यावर. र एकच, पण प्र मधे वेगळा, ट्र मधे वेगळा, ऱ्या मधे वेगळा. आपण हे लहानपणी कधी शिकलो ते आठवतही नाही, या मुलांना ते दहावीपर्यंत प्रत्येक वेळी नव्याने जुळवावं लागतं. आकड्यांचंही तसंच, त्रेपन्न म्हणताना तीन आधी आणि लिहिताना पाच आधी, तो कायम ३५ लिहायचा. २०१९ ला बालभारतीने दुसरीच्या गणितात "पन्नास तीन" असं वाचायची पद्धत आणली तेव्हा राज्यभर केवढी चर्चा झाली होती, मराठी बुडाली इथपर्यंत लोक गेले. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं, आता वाटतं की आमच्या पोरासारख्यांना ते पहिल्यापासून मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. तो तेव्हा दुसरीच्या पुढे गेला होता.

तर सातवीपर्यंत प्रगतिपुस्तकात एकच वाक्य, वेगवेगळ्या शब्दात. लक्ष देत नाही. अक्षर सुधारावे. सरावाची गरज. ताई त्याच्याकडून रात्री शुद्धलेखन लिहून घ्यायची, रोज पानं भरायचा, बोटं दुखेपर्यंत. आळशी पोरगं एवढं लिहील का हो? तरी शाळेत आळशी हाच शब्द होता.

आठवीला विज्ञानाला नवीन मॅडम आल्या. त्यांनी पहिल्या चाचणीनंतर ताईला बोलावून घेतलं आणि म्हणाल्या की हा वर्गात तोंडी सगळी उत्तरं देतो आणि पेपर जवळजवळ कोरा, याची एकदा एलडीची टेस्ट करून घ्या, आत्ताच करा, दहावीच्या वर्षात धावपळ करू नका. त्या मॅडमचे उपकार आम्ही विसरणार नाही. बाकी स्टाफरूममधून वेगळंच ऐकू आलं, की कशाला मागे लागता, एकदा शिक्का बसला की जन्मभर राहतो. ताई घाबरली. घरी पण मोठी माणसं म्हणायला लागली की लोक वेडा म्हणतील, पुढे लग्नाचं काय. ताईला मी एवढंच म्हटलं की शिक्का तर बसलेलाच आहे, ढ म्हणून, आता निदान खरं काय ते तरी कळू दे.

मग मी कायदा काढून वाचला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यात एलडी नव्हतंच, नव्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि त्यात हे आलं. यातलं कलम १६ प्रत्येक पालकाने वाचावं. त्यात शाळांनी काय काय करायचं याची यादी आहे आणि त्यात स्पष्ट आहे की मुलांमधली विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची आणि त्यावर शिकवण्याच्या पद्धतीतून उपाय करायचे. म्हणजे ओळखायचं काम शाळेचं आहे. पालकाने कुठून तरी ऐकून, मामाने रात्रपाळी करून शोधून काढायचं काम नाही हे. आमच्या पोराची पहिलीपासून सातवीपर्यंतची वर्षं गेली ती कोणी दुष्ट होतं म्हणून नाही गेली, साठ मुलांच्या वर्गात बाई तरी काय बघणार, पण गेली ती त्याची गेली, शाळेची नाही. याचा राग मला अजून येतो आणि तो येऊच द्यावा असं वाटतं.

आता प्रोसेस. आम्ही आधी प्रायव्हेटमधे एका सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे गेलो, गंगापूर रोडला, भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन आहे का ते बघून. त्यांचा रिपोर्ट बोर्डाला चालत नाही हे त्यांनीच पहिल्यांदा सांगितलं, सर्टिफिकेट सरकारने नेमलेल्या हॉस्पिटलचंच लागतं. पण त्या रिपोर्टचा फायदा असा झाला की नेमकं काय अडतंय ते कळलं, आणि पुढे डॉक्टरांना दाखवायला हातात काहीतरी होतं. ज्यांना परवडत नसेल त्यांनी हा टप्पा सोडला तरी चालतो, सरळ हॉस्पिटलला गेलं तरी टेस्ट तिथेच परत होतात.

सर्टिफिकेटसाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरायचा. आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, आणि हॉस्पिटल निवडायचं. मोबाईलवर भरता येतो पण फोटोची साईज वगैरेसाठी मी पवननगरला सायबरवाल्याकडेच बसलो. आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते आधी बघा, आमचं दाजींच्या नावात एका वेलांटीचा फरक निघाला आणि आधी आधार दुरुस्त करत बसलो.

वयाचं एक लक्षात ठेवा. जानेवारी २०१८ ला केंद्र सरकारने जे निकष काढले त्यात आठ वर्षांच्या आतल्या मुलाला हे सर्टिफिकेट मिळत नाही, आणि एकदा मिळालं तरी चौदाव्या वर्षी परत तपासणी आणि अठराव्या वर्षी परत, अठराचं झालं की ते कायमचं. म्हणून आम्ही तो चौदा पूर्ण झाल्यावर, नववीच्या वर्षात तपासणीला उभं राहिलो म्हणजे दहावीच्या मधेच परत जायला नको.

हॉस्पिटलमधे एका दिवसात होत नाही, ही मनाची तयारी करून जा. आधी डोळे आणि कान तपासतात, कारण नीट दिसत नसेल किंवा ऐकू येत नसेल म्हणून मूल मागे पडत असेल तर ते एलडी नाही. मग बालरोगतज्ज्ञ बघतात. मग आयक्यू. बुद्धी सरासरीच्या आसपास किंवा वर आहे आणि तरी वाचणं लिहिणं वर्गाच्या मानाने खूप खाली आहे, असं असेल तेव्हाच एलडी धरतात, हे आमच्या घरच्या मोठ्यांना सांगितलं तेव्हा त्यांचं वेडा वेडा बंद झालं. शेवटी बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने तयार केलेली टेस्ट, त्यात वाचन, लेखन, उतरवून काढणं, गणित असे भाग असतात. वेगवेगळ्या दिवशी बोलावलं, मधे एकदा टेस्ट घेणाऱ्या मॅडम रजेवर होत्या, आम्ही परत आलो. बाहेर बाकावर आमच्यासारखेच बसलेले, एक जण सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेला, त्याचा रोज बुडाला तो वेगळाच. मला दिवस मोकळा होता, त्याचं काय.

वाचनाच्या वेळी मी आत होतो. मॅडमनी एक परिच्छेद दिला, छोट्या मुलांच्या पुस्तकासारखा, चौदा वर्षाचं पोरगं, मिसरूड फुटायला लागलेलं, आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत होतं. कपाळावर घाम. मॅडम एकदाही घड्याळाकडे बघितल्या नाहीत. तिसऱ्या ओळीला तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, मला गोष्ट कळली, सांगू का?" आणि उरलेल्या ओळी न वाचता पुढे काय होणार ते अंदाजाने बरोबर सांगितलं. मॅडम हसल्या, म्हणाल्या तू वर्गात असंच करतोस का, तो म्हणाला हो, सगळ्या विषयाला. इतकी वर्षं तो हेच करत आलाय, अर्धं वाचायचं आणि अर्धं डोक्याने भरायचं. एवढी मेहनत करणाऱ्या पोराला आपण लक्ष देत नाही म्हणत होतो.

मधल्या काळात कोणीतरी ताईला सांगितलं की सर्टिफिकेटवर अपंगत्व ४० टक्के आलं नाही तर काही उपयोग नाही, सगळं फुकट. ती रात्री मला फोन करून रडली. हे अर्धं खरं आहे. राखीव जागा वगैरे साठी ४० टक्के लागतात. पण पेपरला लेखनिक मिळण्याचं वेगळं आहे, त्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, विकास कुमार विरुद्ध यूपीएससी, ११ फेब्रुवारी २०२१. त्या मुलाला लिहिताना हात आखडायचा आणि ४० टक्क्यात बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता, कोर्टाने सांगितलं की लिहायला अडचण आहे तर ४० टक्क्यांची अट लावून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांच्या आतल्या लोकांसाठी पण लेखनिकाच्या सूचना काढल्या. आमच्या पोराला पुढे ४० च्या वर मिळाले, यूडीआयडीचं पिवळं कार्ड आलं, तो भाग निराळा. पण कोणी असं घाबरवलं तर निकालाचं नाव लिहून ठेवा आणि पुढे करा, नुसत्या तोंडी वादाने कोणी ऐकत नाही.

सर्टिफिकेट घेऊन शाळेत गेलो तर मला वाटलेलं आता झालं सगळं. तिथे ऑफिसमधे सांगितलं की आमच्याकडे अशी केस आधी झालेली नाही, बघू. बघू म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. मी घरी आलो, अर्ज टाईप केला, त्यात कायद्याचं कलम टाकलं, सर्टिफिकेटची झेरॉक्स जोडली, काय काय सवलती हव्यात ते एकेक ओळीत लिहिलं, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठलो नाही. आवक नंबर मिळाला की कागद हलतो. दहावीच्या मुलांचा प्रस्ताव शाळेनेच नाशिक विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो, पालकाने परस्पर नाही, म्हणून शाळेत पोच घेणं फार महत्त्वाचं. प्रस्ताव एकदा नीट गेल्यावर मंडळाची मंजुरी वेळेत आली, अडलं होतं ते त्याआधी शाळेतच.

आणि पालक सभेत व्हायचं ते झालं. एका पालकांनी विचारलं की याला एक तास जादा, लिहायला माणूस, मग आमच्या मुलांवर हा अन्याय नाही का, त्यांना पण द्या जादा वेळ. प्रश्न रागात होता पण मला तो वाईट नाही वाटला, विचारला ते बरं झालं. मी त्यांना माझ्या कामाचं सांगितलं. आमच्या लाईनवर एखादा पार्ट सारखा उलटा बसत असेल तर ऑपरेटरला रोज शिव्या घालून काही होत नाही, इंजिनिअर येतो आणि पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरला एक पिन लावतो की पार्ट उलटा बसूच शकत नाही, त्याला पोका-योके म्हणतात, जपानवरून आलेली पद्धत आहे आणि अंबड-सातपूरच्या निम्म्या कंपन्यात भिंतीवर लिहिलेलं असतं. पिन लावली म्हणून त्या ऑपरेटरवर मेहरबानी केली असं कोणी म्हणत नाही. परीक्षा विज्ञानाची आहे ना, मग त्याला विज्ञान येतं का ते तपासा, हात किती भराभर चालतो ते कशाला. तुमच्या मुलाच्या मार्कातून एकही मार्क काढून याला देणार नाहीत. ते गृहस्थ पुढे काही बोलले नाहीत, पण सभेनंतर चहाला थांबले आणि त्यांच्या धाकट्या मुलीबद्दल विचारत होते, ती पण फळ्यावरचं उतरवत नाही म्हणे. पुढे काय केलं माहीत नाही.

मला इथे जरा जास्त सांगायचंय, कारण सगळे बोर्डाच्या पेपरचंच विचारतात. लेखनिक मिळाला की जिंकलो असं नसतं. पेपर मोजून काही दिवस, वर्ग वर्षभर. आमचा खरा फरक पडला तो नववी-दहावीच्या वर्गात काय बदललं त्याने, आणि त्याला एक रुपया खर्च आला नाही. विज्ञानाच्या मॅडमनी पुढाकार घेतला, मग दोन-तीन शिक्षक तयार झाले. त्याला पुढच्या बाकावर बसवलं. फळ्याचा फोटो वर्गातला एक मित्र मॅडमच्या मोबाईलवर काढायचा आणि तो ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, त्यामुळे फळा पुसला तरी चालायचं आणि त्याचं डोकं शिकवण्याकडे राहायचं. उभं करून अचानक मोठ्याने वाचायला लावणं बंद झालं. हे सगळ्यात मोठं, कारण त्याच भीतीने तो मराठीच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी राहायचा. घटक चाचणीला काही प्रश्न तोंडी घेतले. ताई रात्री धडे मोठ्याने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायची, तो सायकलवर क्लासला जाताना एक कान लावून ऐकायचा, दुसरा कान रस्त्याला. भूगोलाचे त्याने सगळे धडे असेच केले.

एका शिक्षकांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं नाही. त्याच्या वहीवर लाल पेनाने सगळ्या वर्गासमोर चुका मोजायचे. कागदावर सर्टिफिकेट आहे, कायदा आहे, मुख्याध्यापकांचं पत्र आहे, तरी चाळीस मिनिटांच्या तासात शिक्षकाच्या मनात नसेल तर काही उपयोग नाही. शिक्षकांचं ट्रेनिंग हवं, आणि ते एकदा सही करून चहा पिऊन यायचं नको, वर्गात एखादं मूल समोर ठेवून हवं. मी शाळेला तसं लेखी दिलंय.

आता लेखनिक. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे दहावीला नववीचा किंवा त्याखालचा. ऐकायला सोपं आहे, पण नववीच्या मुलांच्या पालकांना विचारलं की ते म्हणतात आमच्याच मुलाच्या परीक्षा जवळ आल्यात, आणि त्यांचंही बरोबर आहे. शेवटी माझ्या लाईनवरच्या एका मित्राची मुलगी तयार झाली, आठवीत होती, अक्षर मोत्यासारखं. तिच्या वडिलांनी एका शब्दाने का-कू केली नाही. मुलगी सुद्धा मोठी जबाबदारी घेतल्यासारखी वागली. ऐन वेळी ती आजारी पडली तर म्हणून एक बदली मुलगा पण बघून ठेवला होता, त्याचे कागद पण आधीच शाळेत दिले होते, तुम्हीही तसं करा.

दोघांची प्रॅक्टिस घ्यावीच लागते, हे कोणी सांगत नाही. पहिल्या रविवारी बसवलं तर भाचा नेहमीच्या वेगाने बोलत सुटला आणि ती लिहितच राहिली, तिचा हात पोचेना. मग तो एक वाक्य बोलून थांबायला शिकला, "पूर्णविराम" म्हणायला शिकला, "नवीन परिच्छेद" म्हणायला शिकला. भूमितीला फार मजा आली, आधी म्हणायचा "तिथून तिकडे रेघ ओढ", मग हळूहळू "बिंदू ए पासून बाजू बीसी वर लंब टाक, छेदबिंदूला डी नाव दे" असं म्हणायला लागला. हे सांगता सांगता त्याची भूमिती इतकी पक्की झाली की लेखनिक नसता तर तेवढी झाली नसती असं मला खरंच वाटतं. तिलाही सांगून ठेवलं की तो चुकीचं बोलला तरी चुकीचंच लिहायचं, डोळ्याने सुद्धा खूण करायची नाही. तिला ते सगळ्यात अवघड गेलं. एकदा इंग्रजीत तिला येणारं उत्तर तो चुकला तर ती ओठ दाबून बसली होती बिचारी.

पेपरच्या आधी मी एक फाईल केली, मंडळाचं मंजुरीपत्र, यूडीआयडी, लेखनिकाचं शाळेचं ओळखपत्र आणि पत्र, सगळ्याच्या झेरॉक्स. आदल्या दिवशी सेंटरला जाऊन केंद्रसंचालकांना भेटून आलो. खालच्या मजल्यावर वेगळी खोली दिली, कारण हा मोठ्याने बोलणार, बाकीच्या मुलांना ऐकू जायला नको. पहिला मराठीचा पेपर नीट झाला. गणित भाग एक ला, दोन तासांचा पेपर, याला ४० मिनिटं जादा, तर दोन तासाची घंटा झाल्याबरोबर एक नवीन आलेले पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करायला आत शिरले. भाच्याने स्वतः उठून मंजुरीपत्र दाखवलं. आम्ही त्याला ते घरी पाठ करून घेतलं होतं, की कोणी पेपर मागितला तर घाबरायचं नाही, रडायचं नाही, पत्र दाखवायचं आणि केंद्रसंचालकांना बोलवा म्हणायचं. ही भीती काल्पनिक नव्हती, २०२१ च्या नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, डिसग्राफिया म्हणजे लिहिण्याची अडचण असलेल्या एका मुलीचा पेपर जादा वेळ न देता काढून घेतला होता, ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि कोर्टाने नोव्हेंबरमधे सांगितलं की तिच्यावर अन्याय झाला, परीक्षा घेणाऱ्यांना नियम माहीत असायलाच पाहिजेत. पण परत परीक्षा काही तिची झाली नाही. म्हणून पत्र मुलाच्या स्वतःच्या खिशात पाहिजे, मामाच्या फाईलमधे असून चालत नाही, मामा गेटच्या बाहेर असतो. इथे दोन मिनिटात मिटलं, त्या सरांनी समजून घेतलं, नंतर पाणी पण आणून दिलं.

निकाल मे महिन्यात लागला, साठ टक्क्यांच्या पुढे. विज्ञानाला सगळ्यात जास्त. ताईने त्या मॅडमना फोन केला आणि दोघींनाही बोलता येईना.

आता तो आयटीआयला आहे, मेकॅनिक मोटर व्हेईकल, त्याच्या आवडीचं. प्रॅक्टिकलला पुढे आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर दिव्यांगचा रकाना होता, ताई म्हणत होती नको भरायला, इथे कोणाला कळायचं कारण नाही, त्याने भरला. थिअरीची परीक्षा कॉम्प्युटरवर असते, स्क्रीनवर प्रश्न वाचायचे, म्हणजे वाचून दाखवणारं कोणी मिळतं का ते आता विचारायला सुरुवात केलीये, अर्ज दिलाय, आवक नंबर घेतलाय. आणि अठरा पूर्ण झाले की परत हॉस्पिटल, कायमच्या सर्टिफिकेटसाठी.

त्याच्यामुळे मी आमच्या कंपनीत पण बघायला लागलो. त्याच कायद्यात कलम २१ आहे, प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण लिहून जाहीर करायचं, खासगी कंपनीला पण लागू आहे, आणि वीस किंवा जास्त कामगार असतील तर त्यात कोणत्या सोयी देणार, कोणाशी बोलायचं ते सगळं लिहावं लागतं. मी एचआरला विचारलं तर त्यांच्याकडे फाईलमधे होतं, शॉपवर कोणी बघितलेलं नव्हतं. आता नोटीस बोर्डवर मराठीत लागलंय. आमच्या लाईनवर एक कॉन्ट्रॅक्टचा मुलगा होता, कामाला हुशार, पण सेटिंग बदलली की नवीन वर्क इन्स्ट्रक्शनच्या शीटवर सही करताना शेजारच्याला विचारायचा काय लिहिलंय. मागे अशीच दोन पोरं "चुका करतो" म्हणून ब्रेक देऊन कामावरून काढली गेली. सुपरवायझर साहेबांशी बोलून आम्ही त्या स्टेशनच्या शीटवर फोटो टाकले, चूक कशी दिसते आणि बरोबर कसं दिसतं, लाल चौकट आणि हिरवी चौकट, खाली दोन ओळी मोठ्या अक्षरात. फोटो मीच माझ्या मोबाईलने काढले. त्या स्टेशनचं रिजेक्शन, म्हणजे बाद होणारे पार्ट, कमी झालं आणि आता बाकीच्या स्टेशनवाले पण मागतायत. तो मुलगा कायम झालेला नाही अजून, पण कामावर आहे.

कोणाचं मूल सहावी-सातवीत असेल, तोंडी येतं आणि लिहिता येत नाही असं असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत आधी डोळे-कान तपासून घ्या आणि आधार-दाखल्यावरची नावं जुळवून ठेवा, पोर्टलचा अर्ज भरायला अडलं तर मला सांगा, थर्ड शिफ्ट आहे, दिवसा असतो मी.